न मारलेली आरोळी

३ ऑक्टोबर
बर्गेन शहर सुटलं एकदाचं! वॉसजवळच्या या दरीत घर मिळालं, आणि घरापेक्षा मोठं गॅरेज. गाडी पावसात भिजली तरी बेहत्तर; आत माझी तांब्याची कढई, लाकडी पिंप आणि बिअर गाळायला ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्यांचा भारा. बायको, गुडनी, म्हणाली, संसार मांडलायस तो बिअरचा, मी आपली पाहुणी. तरी दिवसभर गात होती. त्या गळ्यावरच तर मी भाळलो होतो.

शेजारचे म्हातारे टोर्गिल्स बिअर आंबवायचं यीस्ट देऊन गेले. पणजोबांपासून जपलेलं, लाकडी कड्यावर वाळवलेलं.

७ ऑक्टोबर
आज बिअर लावली. यीस्ट टाकताना बेंबीच्या देठापासून ओरडायचं, असं टोर्गिल्सनी बजावलं होतं. नाही ओरडलास तर भलतंच काही येऊन बसतं म्हणे पिंपात. लाजू नकोस, असंही म्हणाले. मी लाजलोच. नव्या गावात आल्या आल्या बोंब ठोकायची म्हणजे! गुपचूप टाकलं, झाकण लावलं. फेस मात्र झकास आलाय.

८ ऑक्टोबर
आरोळी ऐकू आली नाही, असं टोर्गिल्स कुंपणापाशी येऊन म्हणाले. मी हसून विषय टाळला. ते हसले नाहीत. गुडनीचा घसा बसलाय. हवा बदलली, दुसरं काय!

९ ऑक्टोबर
सकाळी गॅरेजमधून गुडनीचं गाणं आलं. गुडनी माझ्यासमोर कॉफी घेत होती, ओठ मिटून. तिनंही ऐकलं. माझा हात धरला तो सोडेचना.

१० ऑक्टोबर
तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. पिंप मात्र बडबडतंय, तिच्या आवाजात. ती एकटीच मला ज्या नावानं हाक मारते, त्या नावानं. मला भीती वाटतेय.

बिअर ओतून देतो म्हणालो, तर टोर्गिल्स माझ्यावर खेकसले. वेड्या, आवाजही गटारात जाईल! सोडवायचा तर कुणीतरी ती प्यायला हवी. पिणाऱ्याचं काय होतं, विचारलं. ते घरात निघून गेले.

११ ऑक्टोबर
प्यायलो. पेलाभर. गार — फार गार —
पिंप गप्प झालं.

दुपारी
गुडनी बोलली! धावत गेलो —
आवाज माझा. तिच्या तोंडून माझा. माझ्या घशातून नुसता वारा —
तिच्या नजरेत ओळखच नाही; पिंपातलं ते भलतंच आता तिच्यात येऊन बसलंय. खिडकीतून माझ्या आवाजात टोर्गिल्सना हाका मारतेय — गुडनी सुटली, बिअर झाली, चाखायला या. ते बूट घालताहेत. मी हात हलवले, त्यांना वाटलं मीही बोलावतोय —
कुंपणाशी आले. हे पान काचेला लावतो. मोठ्या अक्षरात. येऊ न