पहिली बास्केट पडेपर्यंत

११ मार्च, शिरूर
लाल बनियनवाले आज पुन्हा हरले. सकाळच्या शिफ्टला त्यांचीच बास्केटबॉल मॅच वाट्याला आली. पास, शॉट, फाऊल, व्हिडिओ थांबवून एकेक नोंदवायचं. पोलंडमधलं लहानसं गाव, नाव अजून धड उच्चारता येत नाही. ऑफिसात सगळे ‘तुझा क्लब’ म्हणतात.
तिथली एक पद्धत फार आवडते. आपल्या टीमची पहिली बास्केट पडेपर्यंत अख्खा हॉल उभा राहतो. आज पडता पडेना. काठीवाले एक आजोबाही उभेच. प्रेक्षकांसाठी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही.

१६ मार्च, रविवार, दौंड
घरी. संध्याकाळी कॉलनीच्या ग्राउंडवर पोरींची प्रॅक्टिस घेतली. सिमेंट आणखी उखडलंय. एकाच रिंगला जाळी. मीही इथंच शिकले, तेव्हा दोन्ही रिंगना होती.
जेवताना आप्पांना ती उभं राहायची पद्धत सांगितली. हेही सांगितलं, तो क्लब रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी काढला होता. गँगमन म्हणून आप्पांचा जन्म रुळांवर गेला.
“तिकडं बी गँगमन असत्यात?”
“असतील की.”
“मग त्यान्ला खेळाया टाइम कवा गावायचा?”
हे उद्या शोधायचं.

२ एप्रिल
सरांनी ॲपसाठी प्रत्येक क्लबची माहिती मागितली. मी दोन पानं लिहिली. महायुद्धानंतरची पडझड, ड्यूटी संपवून कामगारांनी स्वतः बांधलेला हॉल, मग विजेतेपदं. पुढं वर्कशॉप बंद. मग जो पैसे देईल त्याचं नाव: आधी सॉसेजची कंपनी, मग खिडक्यांची, मग कुठलीशी बँक. वरच्या लीगमधून खाली, परत वर. लोक मात्र गावाच्याच नावानं ओरडतात, बनियनवर काहीही असो.
सर म्हणाले, “छान आहे. तीन ओळी कर. विजेतेपदं ठेव, बाकी काढ.”
काढलं. विजेतेपदं सगळी माझ्या जन्माआधीची. म्हणजे मला जे माहीत आहे ते सगळंच गेलं.

२० मे
सीझन संपला. क्लब शेवटून दुसरा. खालच्या लीगमध्ये फक्त शेवटचा जातो, म्हणजे वाचला. दुपारी सगळ्यांना चहा पाजला. शेजारच्या टेबलावरचा दिलीप म्हणाला, “तुला काय नवरा मिळाला का पोलंडचा?”
संध्याकाळी बातमी. मालकानं क्लबची लीगमधली जागाच मोठ्या शहराला देऊन टाकली. पुढच्या वर्षी टीम तिकडं खेळणार, निळ्या बनियनमध्ये. तीनदा वाचलं. मैदानावर वाचलेला क्लब कागदावर…

१ जून, रविवार, दौंड
पोरींना सांगितलं. साक्षी म्हणाली, “मोठ्या शहरात चांगलं ग्राउंड असंल की ताई.” तन्वीनं विचारलं, “मग त्या गावातली पोरं कुठं खेळणार?”
दोघीही बरोबर.

५ ऑक्टोबर, रविवार, दौंड
यवतचे प्लॉटिंगवाले शेठ आले होते. पेपरात आमचा फोटो पाहिला म्हणे. त्यांच्या स्कीममध्ये नवं कोर्ट होतंय. किट, बूट, जिल्हा स्पर्धेचा खर्च सगळा त्यांचा. टीमला नाव त्यांच्या फर्मचं आणि प्रॅक्टिस यवतला. “गाडी पाठवतो मॅडम. नेईल, आणून सोडंल.”
मी म्हटलं, हेच ग्राउंड नीट करून द्या, नाव तुमचं लावू. ते हसले. “कॉलनीच्या आत माझा बोर्ड बघणार कोण?” सरळ बोलले. माणूस वाईट वाटला नाही.
नंतर मी तन्वीच्या आईकडं गेले. चपात्या लाटता लाटता त्यांनी खिडकीबाहेरच्या ग्राउंडकडं बोट दाखवलं. “हितनं दिसती म्हणून सोडते. यवतला न्हाई धाडायची. तिचा बाप ह्येच्यावरच कसाबसा तयार झालाय.”
आणखी तीन-चार घरी हेच. साक्षीचे वडील मात्र म्हणाले, उद्यापासून न्या.
साक्षी या सिमेंटवर दोनदा पडलीये. तिला चांगलं कोर्ट मिळायलाच हवं. पण मग ही टीम कुठली?

१४ ऑक्टोबर, शिरूर
निळ्यांची पहिली मॅच. हॉल चकाचक. बास्केट पडायच्या आधीच लोक बसलेले. वरच्या कोपऱ्यात मात्र दोन रांगा लाल मफलर, उभे. बास्केट पडली तरी ते बसले नाहीत. पूर्ण मॅच उभे, आवाज न करता. शॉट नोंदवताना माझी नजर सारखी तिकडं. सरांनी चुका दाखवल्या. खरंच चुकले होते.

१७ ऑक्टोबर
शोधलं. मफलरवाल्यांनी गावात जुन्या नावानं परत क्लब काढलाय, सगळ्यात खालच्या लीगमध्ये. त्या लीगचं काम आमच्याकडं येत नाही, म्हणजे ते मला आता दिसणार नाहीत. कोणीतरी मोबाइलवर काढलेला एक तुकडा सापडला. शाळेचा हॉल, स्कोअरचे आकडे हातानं उलटतात, मूठभर माणसं. उभी.
हरले. फार वाईट हरले.

२ नोव्हेंबर, रविवार, दौंड
शेठ खेळ बघायला आले. आप्पांनी सकाळीच चुन्याची फक्की मारून रेघा आखल्या होत्या, रुळासारख्या सरळ. कॉलनीतल्या मुलांविरुद्ध मॅच.
शेठना खुर्ची दिली. आप्पा उभे. शेजारी तन्वीची आई, बाकीच्या बायका, सगळ्या उभ्या. आप्पांनी सांगून ठेवलं असणार. मला बोलले नाहीत.
बॉल रिंगला लागून बाहेर. पुन्हा बाहेर. पोरी घाबरलेल्या.
शेठ म्हणाले, “आप्पा, बसा की.”
“पडू द्या एक.”
“आन् न्हाईच पडली तर?”
“तर उभं राहू. आमाला सवय हाय.”
तेवढ्यात शेठचा फोन वाजला, ते उठून बाजूला गेले. बोलणं संपलं, फोन खिशात गेला, तरी खुर्चीकडं आले नाहीत. कशामुळं, ते विचारायला हवं होतं.
शेवटी साक्षीनं मुलांच्या मधून पास काढला, तन्वीनं बॉल टाकला. पडला. सगळे बसले.
हरलो. जाताना शेठ एवढंच म्हणाले, “पोरी चांगल्या हायेत. यवतला येताय का, बुधवारपर्यंत सांगा.”
रिंगखाली बॉल गोळा करताना साक्षीनं विचारलं, “ताई, काय सांगणार?”
तन्वी जवळच खाली बसून बुटाची लेस बांधत होती. लेस मघाशीच बांधून झाली होती, तरी ती उठेना.