कासऱ्याला लोंबकळलेले पाहुणे

कन्हेरी,
ता. १० मे १९९४

ती. सारजाआत्यास,
करुणाचा सविनय जयभीम वि. वि.

आम्ही सगळे धडधाकट आहोत, छप्परही जाग्यावर आहे. मोडलं असेल तर तू जमवत आणलेलं माझं लग्न.

परवा रविवारी तुझे इंदापूरचे पाहुणे आले, हेडमास्तर धोंडीबातात्या, ताईबाई आणि मुलगा सोमनाथ. खरं सांगते, मला या बघण्याबिघण्याचा वीट आला होता. पण तात्या प्रश्न विचारणार तेवढ्यात सोमनाथनं मलाच विचारलं, की तुम्हाला काही विचारायचंय का. आत्या, तिथंच मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं.

आणि तेव्हाच वादळ आलं! आभाळ तांबडं झालं, धुळीनं अंगण दिसेना, पत्रे खाडखाड उठायला लागले. आपल्या घराची तऱ्हा तुला ठाऊकच आहे. आढ्याला सहा कासरे बांधलेत, वारं आलं की घरच्यांनी त्यांना लोंबकळून छप्पर धरायचं. घरात आबा, आई आणि मी, तिघंच. मग काय, माझी जीभ सुटली. पदर खोचला आणि थेट तात्यांवर ओरडले, की बघत काय बसलाय, लोंबकळा! ताईबाईंनाही सोडलं नाही. बिचाऱ्या इस्त्रीच्या पातळात लोंबकळल्या.

सोमनाथ अंगानं काडी. पत्रा उचलला तसा तोही कासऱ्यासकट चांगला हातभर वर गेला. माझा कासरा टाकून मी धावले, त्याच्या कमरेला मिठी मारली आणि वारं पडेपर्यंत त्याला खाली ओढून धरलं, सगळ्यांच्या देखत! त्यात मला हसू आवरेना.

जाताना कुणी पसंतीचा शब्द काढला नाही. आई कपाळाला हात लावून बसली आहे. आत्या, मला हे स्थळ हवंय गं. काहीतरी कर.

तुझी,
करुणा

इंदापूर,
ता. १६ मे १९९४

चि. करुणास,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

अगं भवाने, तुझं पत्र वाचून मी एवढी हसले, की शेजारीण धावत आली. काल तात्यांकडं जाऊन आले. त्यांच्या दोन्ही तळहातांना फोड आल्यात. म्हनलं, आता तोफ सुटतीय. तर गडी आल्यागेल्याला फोड दाखवतोय आणि सांगतोय, की तीस वर्सं मीच पोरांवर वरडलो, पयल्यांदा माझ्यावर कुणी वरडलं, खरी हेडमास्तरीण हाय ती. ताईबाईंना तर तू रविवारीच पसंत पडलीस.

मग निरोप का न्हाय? घोडं अडलंय सोमनाथपाशी. पोरगं लाजून अर्धं झालंय. त्याला वाटतंय, बघायला गेलो आणि वाऱ्यावर उडालो, पोरीनं धरून खाली आनला, आता ती कशाला हो म्हनंल? तू हसलीस ते त्याच्या लई जिव्हारी लागलंय. तो म्हनतो, हो का न्हाय ते पोरीनंच सांगावं. मी एवढ्या सोयरिकी जमवल्या, पन असलं आक्रीत बघितलं न्हाय बाई. आता तुझं तू बघ. पत्ता पाठीमागं लिवलाय.

तुझी आत्या,
सारजा

कन्हेरी,
ता. २० मे १९९४

श्री. सोमनाथ यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

मी हसले ती तुम्हाला नव्हे. मला भीती वाटली की हसू फुटतं, लहानपणापासूनची खोड आहे. त्या दिवशी खूप भीती वाटली होती.

तुम्ही उडालात हे सगळ्यांनी पाहिलं. मी खालून वेगळं बघत होते. आबांनी दोनदा कासरा सोडला, मी तर टाकूनच दिला. तुमचे पाय सुटले, हात मात्र एकदाही सुटले नाहीत. आमचं छप्पर त्यामुळे राहिलं.

मला तुम्ही पसंत आहात. हे पत्र आबांना वाचून दाखवलं, त्यांनी फक्त आपल्या कासऱ्याचं वाक्य खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.

बुद्धपौर्णिमेला तात्यांना आणि आईंना घेऊन या. पत्राचं उत्तर नको. माझ्याकडून लोभ आहे. तुमच्याकडचा समक्ष येऊन सांगावा.

आपली,
करुणा