पिवळ्या नळीचा गुडघा

३ एप्रिल, गुरुवार

इंधनात घट फक्त नऊ टक्के! अहवालात मी पन्नास लिहिले होते.

विमान उभं असताना दिव्यांसाठी आणि गारव्यासाठी त्याच्या शेपटीतलं छोटं इंजिन चालूच ठेवतात. तासाला शंभर किलोहून अधिक इंधन — जागच्या जागी! ते बंद ठेवता यावं म्हणून माझ्या सल्ल्यावरून विमानतळाने विमानं उभी करण्याच्या बारा स्टँडवर खालून वीज आणि थंड हवा देण्याची सोय केली. वीज नीट जाते. थंड हवा मात्र पिवळ्या कापडी नळीतून वाटेतच निसटते, कारण बारापैकी दहा नळ्या फाटल्या आहेत. केबिन तापली की वैमानिक इंजिन सुरू करतो. त्याला दोष कसा द्यावा? आज स्टँडचं काँक्रीट छप्पन्न अंशांवर होतं, आणि दरवर्षी हा आकडा वाढणार, हेही मीच लिहून दिलं आहे.

संचालन प्रमुख म्हणाले, "मॅडम, पाच मेपर्यंत आकडा दाखवा, नाहीतर यंत्रं झाकून ठेवू." परदेशातून नव्या नळ्या यायला चार महिने लागतात.

माझ्या सूचनांत स्वच्छ लिहिलं होतं — नळी जमिनीवरून ओढू नये, दोघांनी उचलून न्यावी. पण वाचायचं कुणी!

६ एप्रिल, रविवार

राजस जेवायला आला. दर रविवारी अंबरनाथहून बदलापूरला आमच्याकडे येतो. आई सकाळपासून दाराकडे बघत बसते. शर्टावर निळे धागे, बोटाला चिकटपट्टी. वालाचं बिरडं दोनदा घेतलं आणि उष्ट्या हाताने माझ्या लॅपटॉपवरच्या नळीच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"ताई, हे फाटलेलं नाहीये. घासलंय. गुडघा आहे हा."

"कसला गुडघा?"

"जीन्सचा गं. तिथंच जातो. किती माणसं उचलतात ही नळी?"

"दोन."

"फोटोत एकाचेच हात आहेत."

हात धुऊन ये, एवढंच मी म्हणाले.

इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं याने. अकरा वर्षं झाली, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवण्याचा कारखाना चालवतो. कार्यालयात कुणी विचारलं तर 'भाऊ वस्त्रोद्योगात आहे' असं मी सांगते. हे खोटं नाही. अचूकही नाही — आणि मला अभिमान अचूकतेचाच आहे.

९ एप्रिल, बुधवार

स्टँड क्रमांक सातवर तीन तास उभी राहिले. तिथले कामगार, मोरिवलीचे हिंदुराव, एकटेच नळी ओढत होते. दुसरा माणूस कुठे, असं विचारलं.

"दुसरा कंदी होता, मॅडम?"

"सूचना वाचल्या नाहीत का?"

"वाचल्यान की. दोघांनी उचलायची. एक मी, न् दुसरा कोन, पायलट?"

शेजारचे दोघे खोखो हसले. मग मी कामाचा तक्ता मागवला. प्रत्येक स्टँडवर नळीसाठी एकच माणूस, पहिल्या दिवसापासून! सूचना लिहिण्यापूर्वी तो तक्ता मी पाहिलाच नव्हता. चूक माझी. इथे लिहून ठेवते. नाही लिहिली तर महिन्याभरात ती सफाईने दुसऱ्या कुणाच्या नावावर करीन.

१० एप्रिल, गुरुवार

दिवसभर "गुडघा, गुडघा" डोक्यात!

१३ एप्रिल, रविवार

राजसला सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं?' हे तो बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर नक्की बोलले असते, वर तारीखही सांगितली असती. फाटक्या नळीचा तुकडा उजेडात धरून त्याने बराच वेळ पाहिला. "ओढू देत ना. ओढण्यासाठीच बनवू या."

१६ एप्रिल, बुधवार

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कारखान्यात गेले. हे लिहितानाच संकोच वाटतो.

वाटलं होतं, पसारा असेल. तर कात्र्या आकारानुसार टांगलेल्या, धाग्यांच्या रिळांवर तारखा! त्याने नळीच्या खालच्या बाजूला, घासून पडलेली भोकं बुजवून, ताडपत्रीच्या जाड कापडाचा जोड बसवला आहे. तो जमिनीवर घासेल, नळी नाही. झिजला की बाहेरून काढून नवा चढवायचा. मी पर्समधली मोजपट्टी काढून टाके मोजले. इंचाला आठ. दुसऱ्या टोकाला मोजले. आठ. मशिनवरच्या अंजनीबाई बघत होत्या.

"दीदी, स्टूल पे बसा ना. तुम्ही अशा उभ्या राहिलात तर मशीन घाबरते."

सगळे हसले. मीही.

मग त्या राजसला म्हणाल्या, "भाई, ये पक्की तुमची बहीण. तुम भी ऐसेच मोजते हो, मग उसवायला लावते हो."

मला हे ठाऊक नव्हतं.

कापड आगीत किती तग धरतं, याचा दाखला मागायला मी तोंड उघडलं, तोच त्याने फाइल पुढे केली. मी विचारायच्या आधी! परतताना विनाकारण आनंदात होते. आईसाठी आणि त्याच्यासाठी सारखेच आंबे घेतले.

२४ एप्रिल, गुरुवार

सातवर पहिली चाचणी. हिंदुराव नळी धरून माझ्याकडे बघत थांबले. "ओढू का, मॅडम? नायतर परत कागद काढाल."

"ओढा."

त्यांनी ओढली. जोड करकरला, नळी शाबूत. केबिन चोवीस अंशांवर स्थिर. वैमानिकाने छोटं इंजिन बंद केलं — आणि त्या शांततेत पलीकडच्या गवतातल्या टिटव्या ऐकू आल्या. इतकी वर्षं त्या स्टँडवर जाते आहे, टिटव्या कधी ऐकल्या नव्हत्या.

२ मे, शुक्रवार

आठवडाभर बाराही स्टँडवर राजसचे जोड. घट चव्वेचाळीस टक्के. पन्नास नाही; पण खरी.

प्रमुख खूश. यंत्रं राहणार, शिवाय उरलेल्या स्टँडवरही बसणार. साठ जोड हवेत. "बनवले कुणी?" त्यांनी विचारलं.

"उल्हासनगरचे एक कारागीर."

एक कारागीर! आडनावं वेगळी, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. जिना उतरताना माझंच वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

४ मे, रविवार

राजसने पुरवठादाराचा फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर भरला. अक्षर अजून शाळेतल्यासारखं, टपोरं. 'प्रकल्पाच्या सल्लागाराशी नातं आहे का?' या रकान्यात त्याने लिहिलं — नाही.

"हे खोटं आहे, राजस."

"तू तिकडे कधी सांगितलंस का कुणाला? मग मी कसं सांगू?" पन्ह्याचा पेला पुन्हा भरत म्हणाला. "असू दे गं ताई. तुझं नाव कशाला खराब."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं!

नातं असेल तर दोघांपैकी एकच राहू शकतो, सल्लागार किंवा पुरवठादार. तो नियम करारात मीच घालायला लावला होता. चाचणीपूर्वीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तेव्हा 'माझा भाऊ' असं म्हणावं लागलं असतं. आता नातं सांगून मी राहिले तर त्याचे साठ जोड जातील. मी निघाले तर सहा वर्षांचं काम जाईल, आणि धावपट्टीच्या नाल्यांचा अभ्यासही. पूर आला तर पाणी कुठवर चढेल याचा तो नकाशा, माझ्या हातून झालेलं सर्वांत नेटकं काम, जूनमध्ये पुरा व्हायचा आहे.

आईने विचारलं, "तुझं तोंड का उतरलंय?" राजस म्हणाला, "टाके मोजत असेल." फॉर्म मी माझ्याकडेच ठेवून घेतला.

५ मे, सोमवार

'नाही' खोडून 'आहे' लिहिलं. चाचणीचे आकडे दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घ्यावेत, असं सुचवलं. साडेदहाला राजीनामा पाठवला. कारण एका ओळीचं; तीनदा वाचलं, एकही दुरुस्ती सापडली नाही —

'हे जोड बनवणारा राजस माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.'