हिंगण्याच्या मोकळ्या कोंबड्या

हिंगणा, माघ महिना

प्रिय आत्याबाई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून सुनेचा नमस्कार.

आज सकाळी ठेकेदार आपल्या अंगणात आला होता! तोच, सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांना कोंबड्या पुरवणारा. सीताबर्डीच्या भर बाजारात तुमचं डालगं पायानं सरकवून "बुढे, हे कोंबड्या व्हय का हाडकं?" असं म्हणणारा. आज तो बाजेवर टेकला, लोटाभर पाणी प्याला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या गावच्या कोंबड्या मले द्या. माह्या कोठ्यातल्या आता कोनी घेऊन नाही राहिले."

मी पदर सावरला आणि सरळ नाही म्हटलं. तो गेल्यावर चुलीपाशी बसून किती हसले म्हणून सांगू! हसता हसता तुमची इतकी आठवण आली, की कागदच घेऊन बसले. चौथी शिकलेली सून घरात कशाला, असं तुमच्या जावा म्हणायच्या ना?

खरं सांगते, तेव्हा मी मनातून ठेकेदाराच्याच बाजूची होते. मी उमरेडच्या विणकराच्या घरातली. आमच्याकडे सूत, धोटा आणि स्वच्छ ओसरी. इथे पहाट झाली की तुम्ही खुराड्याची फळी काढायच्या आणि तीस-चाळीस कोंबड्या नाल्याकाठच्या आपल्या दोन एकरांत पांगायच्या. वाळवी, नाकतोडे, गवताचं बी, खळ्यावर सांडलेली ज्वारी, मिळेल ते टिपत दिवसभर हिंडायच्या. मला ते सगळं गबाळं वाटायचं.

एकदा मी चिडून विचारलं, "काहून सोडता जी त्याईले? एक घार नेते, एक मुंगूस नेते. कोंडून कोंडा खाऊ घातला तं लवकर भरतील."

तुम्ही गोवऱ्या थापत होतात. मानही वर न करता म्हणालात, "जे हिंडते, तिच्या मासात जीव राहते वं चंद्रे. बसून फुगलेलं पाण्यात इरघळते."

"पन वाढायले किती दिवस लागतात!"

"लागू दे."

झालं, विषय संपला! आणखी दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तुमच्यावर माझा एवढाच राग आहे.

माझा माझ्यावरचा राग याहून मोठा. तुम्ही तापानं पडून होतात तेव्हा रोज विचारायच्या, "कोंबड्या सोडल्या का वं?" मी हो म्हणायची. आत्याबाई, मी त्या सोडत नव्हते. माझ्यानं होत नव्हतं म्हणून आठ दिवस कोंडून ठेवल्या होत्या. खुराड्यातली कुरकूर तुम्हाला ऐकू येत होती का? येत असेल, तर मला एका शब्दानं बोलला कशा नाहीत?

तुम्ही गेल्यावर तुमचे चिरंजीव म्हणाले, "इकून टाकू सगळ्या." मीही मान डोलावली. पण बाजाराच्या आधीच नागपूरहून निरोप आला. तुमची लेक बनाबाई बायांच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. तान्ही मुलगी सुखरूप होती, पण बनाबाईचं रक्त फार गेलं होतं.

मी जाऊन बघते तर चेहरा कागदासारखा! दवाखान्यात तिला कोंबडीचा रस्सा देत होते, ठेकेदाराच्याच कोंबडीचा. पेल्यात नुसतं पांढुरकं पाणी. ती तोंड फिरवायची. "वयनी, वास येते याले."

दुसऱ्या दिवशी मी बैलांच्या दमणीतून आपली तांबडी कोंबडी नेली. दवाखान्यामागं नातेवाइकांसाठी चुली होत्या. हळद, मीठ, आलं, चार मिरे, बस्स. शिजायला दुप्पट वेळ लागला, पण वर काय सोन्यासारखा तवंग आला! बनाबाईनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला दोन्ही हातांनी धरला. "आईच्या घरचं व्हय," म्हणाली. चार दिवसांत ती उशीला टेकून बसू लागली. औषध डॉक्टरीणबाईंचंच होतं, पण पोटात अन्न राहू लागलं तेव्हा ते लागलं, असं त्याच म्हणाल्या.

मग त्यांनी काय केलं, ऐका! दोन पातेली चढवायला लावली, एकात ठेकेदाराची कोंबडी, एकात आपली. पाणी, मसाला, सगळं सारखं. ठेकेदार शेजारी उभा राहून हसत होता, "हे तं अजून शिजूनच राहिली!" कोणता पेला कशातला हे न सांगता सहा बाळंतिणींना दोन्ही चाखवले. सहाही जणींनी आपल्याच कोंबडीचा पुन्हा मागितला! तेव्हा तुम्ही हव्या होतात हो. त्याचं तोंड बघायला तरी!

डॉक्टरीणबाई स्वतः हिंगण्याला आल्या. नाल्याकाठी उन्हात उकरणाऱ्या कोंबड्या त्यांनी उभ्यानं कितीतरी वेळ पाहिल्या. वाटीत अंडं फोडलं तर बलक शेंदरी. म्हणाल्या, "पायांवर हिंडणारं, उन्हातलं, हिरवं खाणारं हे अंग आहे. मागणी वाढली तरी यांना कोंडू नका."

आता गावातल्या आठ घरच्या कोंबड्या दवाखान्यात जातात. आपलं रान जेवढ्या पोसेल तेवढ्याच प्रत्येकीनं पाळायच्या, हा नियम मी घातला. वाढायला वेळ लागतो, घार अजूनही नेते, ते खोटं कशाला सांगू? पण कपाशीवरच्या अळ्या कमी झाल्या, शेताला खत मिळालं. आणि विकून टाकू म्हणणारे तुमचे चिरंजीव आता गोफण घेऊन घारी हाकलत असतात!

एक काम मात्र उरलं आहे. नाल्यापलीकडच्या पडीत रानाला गावचे जमीनमालक, मालगुजार, कुंपण घालायला निघाले आहेत. आठही घरच्या कोंबड्या आता तिथंही चरतात. उद्या आम्ही बाया त्यांच्याकडे जाणार आहोत आणि बोलणार आहे मी. मालगुजारांपुढे या गावातली बाई आजवर कधी बोलली नाही, ते मला माहीत आहे. तरी तुम्हाला शब्द देते, ते रान मोकळं राहील असं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आम्ही आठजणी त्यांच्या ओसरीवरून उठणार नाही.

तुमची सून,
चंद्रभागा