डबक्यांची वही आणि तिचे शेवटचे पान

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, हवामान कार्यालयातून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे सोडले तर बाकी शरीराचीही तक्रार नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. यापूर्वीचे माझे सर्व कागद रद्द समजावेत.

एक. राहते घर दोन्ही मुलांना समान. भिंतीवरची मानपत्राची चौकट ठेवावी, आतला कागद फाडावा.

दोन. भिंग धाकट्या नातीला, तिला मुंग्या बघायच्या असतात. काळी छत्री माजी विभागप्रमुखांना मुळीच देऊ नये. ते काहीही म्हणोत, ती माझीच आहे.

तीन. निळी वही भाचीला. मुळात ती तिचीच. उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर सप्टेंबरात किती बर्फ उरेल, याचा अंदाज आमचा विभाग दर जूनमध्ये देई. मी मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून रेघ ओढून मोकळा होई. भाची तेव्हा नवीनच लागली होती. तिने मे महिन्याच्या उपग्रहचित्रांत बर्फावर साचलेली पाण्याची डबकी मोजून या वहीत मांडली आणि म्हणाली, "मामा, डबकी ऊन शोषतात. यंदा बर्फ तुझ्या रेघेच्या खूप खाली जाणार." मी हसण्यावारी नेले.

सप्टेंबरात बर्फ तिच्या आकड्यावर आला. वरिष्ठांनी जाब विचारला, तेव्हा मी तिची वही पुढे करून सांगितले, "ही माझीच पद्धत, कळवताना जरा जपून कळवलं." मानपत्र मला मिळाले.

पुढच्या वर्षी तीच पद्धत वापरली. डबकी तेवढीच होती, पण उन्हाळाभर ढग राहिले, बर्फ टिकला, माझा अंदाज सपशेल आपटला. भर बैठकीत मी म्हणालो, "मोजणी भाचीची होती." शेवटच्या पानावर तिने आधीच लिहिले होते, 'ढग राहिले तर हे चुकेल.' ते पान मी दाखवले नाही. तिने नोकरी सोडली. मला बहिणीच्या घरी तोंड दाखवायची लाज वाटली, अजून वाटते.

चार. हे कबूल करणारे माझे पत्र मृत्यूनंतर कार्यालयाला पाठवावे.

दुरुस्ती. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी हे वाचून साक्षीची सही करायला नकार दिला. म्हणाल्या, "काका, तुम्ही शुद्धीवर आहात असं मी लिहून द्यायचं, आणि खरं मात्र मेल्यावर सांगणार?"

सबब कलम चार रद्द. पत्र आज दुपारी टपालात टाकले. मग भाचीला फोन केला. सगळे ऐकून तिने विचारले, "शेवटचं पान आहे का अजून?"

आहे, म्हणालो.

"मग आणून द्या. तुम्ही स्वतः."

कलम तीनसुद्धा रद्द. वही उद्या सकाळी घेऊन जात आहे.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार: शिवणकामवाल्या बाई, तळमजला (आता सही केली)
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: अठरा सप्टेंबर