जुन्या गाडीचे टायर

लेटरकेनी, आयर्लंड. मंगळवार, संध्याकाळ.

सकाळी ईराला शाळेत सोडताना चर्चच्या वळणावर बर्फावरून गाडी घसरली. ब्रेक दाबला तरी थांबेचना, सरळ समोरच्या दगडी भिंतीकडे निघाली. थांबली तेव्हा मध्ये हातभर अंतर उरलं होतं. मागून ईरा म्हणाली, "आर वी ग्रँड, आई?" इथे 'ठीक'ला सगळे 'ग्रँड'च म्हणतात. म्हटलं, हो, ग्रँड, आणि बाबाला सांगू नकोस. कसलं ग्रँड!

मंदारला मीही सांगितलं नाही. त्याने आधी विचारलं असतं, स्पीड किती होता? आठवडाभर त्याचं एकच चाललंय: इथे बर्फ पडतो कितीसा, उन्हाळ्यात ही जुनी गाडी विकायचीच आहे, मग बर्फावर पकड धरणारे विंटर टायर कशाला? गॅरेजवालाही त्याच्याच बाजूचा. बारमाही वापरायचे ऑल-सीझन टायरच चालतील म्हणे. चालतील? हातभर अंतर होतं फक्त.

पण मी गप्प का बसले? वाद नको म्हणून? की स्पीड खरंच जास्त होता? नव्हता. नक्की नव्हता.

शेवटी मघाशी, तो हॉस्पिटलला नाइट ड्यूटीसाठी निघताना, बोललेच. "विंटर टायरच घालायचे. चारही. मला चर्चा नकोय."

वाटलं, आता सुरू होणार. पण त्याने दाराजवळची किल्ली उचलली. मग हळूच म्हणाला, "तुझीपण चर्चपाशीच घसरली का?"

आणि त्याच गाडीने, त्याच रस्त्याने गेलाय. पोचल्याचा मेसेज अजून नाही.