प्राचीचं दप्तर

९ फेब्रुवारी
सकाळी स्मिताने – माझ्या सुनेने – मोबाइलवर एक रील दाखवलं. "आई, ऐका ना, किती खरं बोलते ही!" चेहरा नाही, नुसता आवाज. तिशीत कळलं म्हणे, एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात – तो आळस नसतो. आणि मग – "सातवीत बाईंनी माझं दप्तर सगळ्यांसमोर उपडं केलं. म्हणाल्या, हे दप्तर आहे की उकिरडा?"
हे मी म्हणाले होते. वाशीच्या शाळेत.

१० फेब्रुवारी
प्राचीच ती. सातवी ब. हुशार पोर, पण आज वही आहे तर उद्या नाही. फरशीवर काय काय पडलं होतं! पेन्सिलींचे तुकडे, वाळलेली पोळी, सहलीचं संमतिपत्र – आईची सही असलेलं. सहल होऊन महिना झाला होता. वर्ग हसला. मी हसू दिलं. ती गुडघ्यांवर बसून एकेक वस्तू उचलत होती, आणि मी फळ्यावर तारीख लिहायला वळले.

१२ फेब्रुवारी
खालच्या कमेंट्स सगळ्या वाचल्या. "सेम!" "मीपण." "आमच्या सरांनी तर वही फाडली होती." एकाने लिहिलंय, "हल्ली सगळ्यांनाच एडीएचडी झालाय." त्याला बाकीच्यांनी चांगलंच झापलंय. एकीचं वाक्य – "अशा बायकांना शिक्षिका कोण करतं?"
स्मिता म्हणाली, "आई, तुम्ही एवढं मनाला का लावून घेताय?" मी चष्मा पुसून पुन्हा कमेंट्स वाचायला घेतल्या.

१३ फेब्रुवारी
मेसेज लिहिला. पुसला. चारदा.

१५ फेब्रुवारी
पाठवला एकदाचा! "प्राची, मी प्रेमलाबाई. तू आळशी नव्हतीस. हा आजार मला ठाऊक नव्हता, पण लेकराचं दप्तर उपडं करू नये, एवढं तरी कळायला हवं होतं. माफ कर."
बत्तीस वर्षं शिकवलं. आज एका ओळीच्या उत्तरासाठी मोबाइल हातातून सुटत नाही.

१७ फेब्रुवारी
उत्तर आलं. "बाई, मी प्राची नाही. माझी शाळा सोलापूरची. आमच्या बाईंनी कधी माफी मागितली नाही. तुमचा मेसेज तीनदा वाचला, रडले. पण तो माझा नाही. तिला शोधा."
मला प्राचीचं आडनाव आठवत नाही.